सरहद्दीपलीकडचे मास्तर

गोव्यातील पेडणे महालाचे उत्तर टोक म्हणजे तेरेखोलचा किल्ला. तेथून जवळच, सरहद्दीपलीकडच्या शिरोडे गावी, 1920 ते 1938 अशी अठरा वर्षे वि. स. खांडेकर शाळामास्तरकी करीत होते, आणि ‘हृदयाची हाक’ (1930), ‘दोन ध्रुव’ व ‘उल्का’ (1934) या कादंबऱ्या त्याच काळातील. सरहद्दीच्या अलीकडे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फिरंगी अंमलाखाली गेलेल्या पेडणे-डिचोलीच्या नव्या काबिजादींत, मराठी ही देवळाची, कीर्तनाची आणि ग्रंथवाचनाची भाषा होतीच.

खांडेकरांच्या पिढीच्या प्रणयकथांत शाळा, महाविद्यालय, इस्पितळ ही स्थळे येतात खरी, परंतु काम हे बहुधा भेटीचे निमित्त; ना. सी. फडके यांच्या सुखवस्तू सृष्टीत तर, लेखक स्वतः प्राध्यापक असूनही, हजेरीपट आणि पगारपत्रक यांना क्वचितच प्रवेश. खांडेकरांचा ध्येयवाद आज भाबडा वाटतो, तरी दारिद्र्याची त्यांची जाण खोटी वाटत नाही. खटकते ते हे, की नायिकेच्या उपजीविकेचा प्रश्न प्रेमाच्या प्रश्नापुढे किती सहज विरून जातो.

प्रत्यक्षात मात्र, 1963 नंतर गोव्यात मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या राजवटीत खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या, तेव्हा मास्तर आणि बाई एकाच दप्तरी सह्या करू लागले. लग्नानंतरही बाईंची सही तेथे उमटतच राहिली.