उन्हाळी सुटीतील दारोदार विक्री : अमेरिकेतील विद्यार्थी-भरतीची दीर्घ परंपरा

अमेरिकेतील विद्यापीठांना साधारणतः मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत मोठी सुटी असते. या काळात विद्यार्थ्यांना विक्रेते म्हणून भरती करून घरोघरी माल विकण्याचा व्यवसाय तेथे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. प्रारंभी बायबल व धार्मिक पुस्तके, पुढे संदर्भग्रंथ व अभ्यासपुस्तके, आणि अलीकडच्या दशकांत कीटकनियंत्रण सेवा, घराच्या सुरक्षेची उपकरणे व सौरऊर्जा संच असा माल बदलत गेला. भरतीची रीत मात्र फारशी बदललेली नाही. ग्राहकाला माल विकला जाण्यापूर्वी विद्यार्थ्याला ते काम ‘विकले’ जाते. म्हणूनच या व्यवसायाचा अभ्यास ग्राहकाच्या उंबरठ्यापेक्षा विद्यापीठाच्या आवारापासून सुरू करणे अधिक उचित ठरते.

उगम

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत पुस्तकांची दुकाने मोठ्या शहरांपुरतीच होती. खेड्यापाड्यांत पुस्तके पोहोचत ती फिरत्या प्रतिनिधींमार्फत. प्रतिनिधी नमुन्याची प्रत घेऊन दारोदार जाई, मागणी नोंदवून घेई आणि छापील पुस्तक नंतर पोहोचते करी. माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचे आत्मवृत्त मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने १८८५ मध्ये याच मार्गाने बाजारात आणले आणि त्याचे तीन लाखांहून अधिक संच विकले गेले.

विद्यार्थ्यांच्या उन्हाळी भरतीचे सर्वांत जुने उदाहरण टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात सापडते. जेम्स रॉबिन्सन ग्रेव्हज या बॅप्टिस्ट धर्मोपदेशक-संपादकाने १८५५ मध्ये तेथे साउथवेस्टर्न ही प्रकाशनसंस्था स्थापन केली. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाने दक्षिणेकडील राज्यांची आर्थिक घडी पार विस्कटली. शिक्षणाचा खर्च भागवणे अनेक कुटुंबांना अशक्य झाले. १८६८ पासून या संस्थेने महाविद्यालयीन तरुणांना पुस्तके देऊन घरोघरी पाठवण्यास आरंभ केला. कमाईतून त्यांनी पुढील वर्षाचे शुल्क भरावे, ही त्यामागील कल्पना. शंभराहून अधिक वर्षे हे काम जवळजवळ पुरुषांपुरतेच होते. १९७० च्या दशकात विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला. पुढे टेनेसीमधून सिनेटवर निवडून आलेल्या मार्शा ब्लॅकबर्न या त्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. टेक्सासचे माजी राज्यपाल रिक पेरी यांनीही विद्यार्थिदशेत याच संस्थेची पुस्तके विकली होती.

भरतीची साखळी

या पद्धतीचे मर्म असे, की भरती करणारा बहुधा कंपनीचा पगारी अधिकारी नसून मागील उन्हाळ्यात विक्री करून परतलेला सहाध्यायीच असतो. शरद ऋतूत वर्ग सुरू होताच तो कामाला लागतो आणि जानेवारी ते एप्रिल या काळात भरतीला जोर चढतो. वर्गात एखादी छोटी प्रश्नावली फिरवली जाते, ओळखीच्यांकडून नावे मिळवली जातात, मग दूरध्वनी, माहितीसभा आणि शेवटी व्यक्तिगत मुलाखत. अनेकदा सभेपर्यंत कामाचे नेमके स्वरूप सांगितले जात नाही. ‘नेतृत्व’, ‘व्यवस्थापनाचा अनुभव’, ‘स्वतःचा व्यवसाय’ हे शब्द आधी येतात आणि दार ठोठावण्याचा विषय नंतर. निवड झाल्याचे कळताच विद्यार्थ्याला आपण काही तरी जिंकल्याचा आनंद होतो. पालक साशंक असतील, तर त्यांचे समाधान करण्यासाठीही बोलणे तयार असते.

भरती केलेल्या विद्यार्थ्यांच्या विक्रीवर त्या सहाध्यायी-व्यवस्थापकाला वरचे कमिशन मिळते. त्यामुळे त्याचा सल्ला पूर्णतः निःस्वार्थ नसतो. परंतु याहून सूक्ष्म अडचण वेगळीच आहे. तो खोटे बोलत असतो असे नव्हे. स्वतःचा अनुभव तो प्रामाणिकपणे सांगत असेल, पण तो टिकून राहिलेल्यांपैकी असतो. तिसऱ्या आठवड्यात हात टेकून घरी परतलेला विद्यार्थी माहितीसभेत कधीच बोलत नाही. परिणामी ऐकणाऱ्याच्या कानी केवळ यशाच्या कथा पडतात आणि त्यांवरून तो सर्वसाधारण अनुभवाचा अंदाज बांधतो.

युटा राज्यातील कंपन्यांनी या साखळीला आणखी एक वळण दिले. कीटकनियंत्रण व गृहसुरक्षा क्षेत्रांतील तेथील कंपन्या मॉर्मन पंथाच्या धर्मप्रचारासाठी दोन-दोन वर्षे परक्या प्रदेशात दारोदार फिरून परतलेल्या तरुणांना आवर्जून घेतात. नकार पचवण्याची सवय आणि अनेकदा स्पॅनिशसारखी दुसरी भाषा, असे दोन्ही गुण त्यांच्याकडे आयतेच असतात. तेथे कमिशनचा काही भाग हंगाम संपेपर्यंत राखून ठेवण्याची प्रथाही रूढ आहे. मध्येच काम सोडणाऱ्याला त्या रकमेवर पाणी सोडावे लागते.

प्रशिक्षण व दिनक्रम

पुस्तकविक्रीच्या नमुन्यात सुटीच्या आरंभी साधारण आठवडाभराचे प्रशिक्षण असते. विक्रीचे संभाषण शब्दशः पाठ करून घेतले जाते. ‘वेळ नाही’, ‘पैसे नाहीत’, ‘घरच्यांना विचारते’ या प्रत्येक उत्तरावरचे प्रत्युत्तर ठरलेले असते. त्यानंतर विद्यार्थ्यांची छोटी पथके स्वतःच्या घरापासून शेकडो मैल दूर असलेल्या राज्यात पाठवली जातात. घर जवळ असले, की पहिल्या वाईट दिवशीच पावले तिकडे वळतात, हे व्यवस्थापकांना अनुभवाने ठाऊक असते. राहण्यासाठी स्थानिक कुटुंबाकडे भाड्याची खोली शोधली जाते. आठवड्यातील सहा दिवस, सकाळी आठच्या सुमारास निघून रात्री नऊनंतर परतायचे. आठवड्याचे तास सहज ७५ ते ८० होतात.

याचा लाभ काहींना निश्चित होतो. अनोळखी माणसाशी बोलण्याचे धैर्य येते, नकाराची भीती जाते, वेळेची शिस्त अंगी बाणते. यशस्वी विक्रेते एका उन्हाळ्यात वर्षाच्या शुल्काइतकी रक्कम मिळवतात, हेही खरे. तथापि ही मिळकत निश्चित नसते आणि खर्च मात्र निश्चित असतो.

मिळकतीचा हिशेब

बहुतेक ठिकाणी विद्यार्थी हा कंपनीचा कर्मचारी नसून ‘स्वतंत्र कंत्राटदार’ मानला जातो. पुस्तकांच्या व्यवसायात तो घाऊक दराने माल घेऊन किरकोळ दराने विकतो आणि त्यातील फरक ही त्याची कमाई. प्रवास, खोलीभाडे, जेवण, पेट्रोल हे सारे त्याच्याच खिशातून जाते. किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, बेकारी विमा किंवा अपघाताची भरपाई यांवर त्याचा हक्क नसतो. शिवाय स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर त्याला स्वतः भरावा लागतो, कारण मालकाचा वाटा उचलणारा मालकच नसतो.

तुलनेसाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. आठवड्याला ८० तासांप्रमाणे १२ आठवडे काम केल्यास ९६० तास भरतात. या वेतनाने त्यांचे ६,९६० डॉलर होतात आणि ४० तासांपलीकडील कामास दीडपट दर धरल्यास ८,७०० डॉलर. सर्व खर्च वजा जाता हंगामाअखेर याहून कमी रक्कम हाती उरली, तर विद्यार्थ्याने उपाहारगृहातील साध्या नोकरीपेक्षाही स्वस्तात श्रम विकले असा अर्थ होतो.

कायद्याची चौकट

१९३८ च्या श्रमविषयक केंद्रीय कायद्याने कार्यालयाबाहेर फिरून विक्री करणाऱ्यांना किमान वेतन व जादा कामाच्या मोबदल्यातून वगळले. फिरत्या विक्रेत्याच्या तासांवर मालक लक्ष ठेवू शकत नाही, हा त्यामागील युक्तिवाद. म्हणजे विद्यार्थ्याला कर्मचारी मानले, तरी या तरतुदीमुळे संरक्षण अपुरेच राहते.

ग्राहकाच्या बाजूने कायदा अधिक जागरूक आहे. वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर या गावाने १९३१ मध्ये निमंत्रणाविना घरी येणाऱ्या विक्रेत्यांस मनाई केली. अनेक गावांनी तिचे अनुकरण केले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशाच एका नियमाला मान्यता दिली. १९७४ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार घरी झालेली बहुतांश खरेदी ग्राहकाला तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येते. विक्रेत्याच्या वहीतील आजची विक्री त्यामुळे परवा नाहीशी होऊ शकते.

केवळ कमिशनवर जगणाऱ्या विक्रेत्यांवरील दडपण कोठवर जाते, हे २०२१ मध्ये दिसले. विव्हिंट या गृहसुरक्षा कंपनीच्या काही विक्रेत्यांनी पतमानांकनात न बसणाऱ्या ग्राहकांसाठी नामसाधर्म्य असलेल्या भलत्याच व्यक्तींचा पतइतिहास वापरला, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केला. कंपनीने दोन कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी

गोव्यातून उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जाणाऱ्यांच्या दृष्टीने एक बाब निर्णायक आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या आवाराबाहेर पूर्वमंजुरीविना काम करता येत नाही. ‘तू नोकर नाहीस, स्वतंत्र व्यावसायिक आहेस’ या शब्दांनी ती अट टळत नाही. नियमभंग झाल्यास व्हिसाचा दर्जा आणि पर्यायाने शिक्षणच धोक्यात येते. त्यामुळे होकार देण्यापूर्वी विद्यापीठातील परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा लेखी सल्ला घेणे अत्यावश्यक ठरते.

भारतात थेट विक्रीसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र नियम केले. त्यांतही थेट विक्रेता कर्मचारी नसून स्वतंत्रपणे व्यवहार करणारा पक्ष मानला जातो. मात्र त्याच्याशी लेखी करार करणे बंधनकारक आहे, प्रवेशशुल्क घेण्यास मनाई आहे, ठरावीक मुदतीत करारातून बाहेर पडण्याची मुभा आहे आणि पिरॅमिड योजनांवर बंदी आहे. ओळखपत्र व पूर्वपरवानगी असल्याशिवाय विक्रेत्याला ग्राहकाच्या घरी जाता येत नाही.

देश कोणताही असो, भरतीच्या सभेत विचारावयाचे प्रश्न सारखेच राहतात. आपण कर्मचारी की कंत्राटदार? सुरुवातीला किती पैसे गुंतवावे लागतील? न विकलेला माल कोण परत घेईल? सांगितलेली कमाई खर्चापूर्वीची की नंतरची? ती सर्वांची सरासरी की निवडक यशस्वी विक्रेत्यांची? गेल्या वर्षी किती जणांनी आरंभ केला आणि त्यांपैकी किती अखेरपर्यंत टिकले? मध्येच काम सोडणाऱ्या एखाद्याशी बोलता येईल का? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर हा उन्हाळा एक कठोर पण उपयुक्त शाळा ठरू शकतो. उत्तरांऐवजी केवळ उत्साहवर्धक भाषण ऐकावयास मिळाले, तर त्या सभेत विकली जाणारी वस्तू घेण्याची घाई विद्यार्थ्याने करू नये.