वालाच्या मुळाशी

इतिहास केवळ गडकोटांचा नसतो. खडवलीच्या भातखाचरांनाही तो आहे, असे आम्ही समजतो. भात कापले की उरलेल्या ओलीवर वाल पेरावयाचा, ही ठाणे जिल्ह्यातील जुनी रीत. तिचे मर्म शास्त्राला उमगले ते १८८६ साली. शेंगांच्या पिकांच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जीवांच्या साह्याने हवेतील नत्र बांधला जातो, असे जर्मनीच्या हेलरिगेल यांनी दाखविले. १८८८ साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी ते जीवाणू वेगळे केले. आज तेच जीवाणू 'रायझोबियम' नावाने पुडीत मिळतात. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतात. परंतु वालासारख्या पिकाच्या मुळाचा आसरा मिळाल्यावाचून ते नत्र बांधीत नाहीत. पुडी विकत आणता येते. वाल मात्र पेरावाच लागतो. खाचर पडीक ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.