मुगुगा व सेरेंगेटी : एका गोज्वराच्या जंतूंचा पाठविचार

पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव, स्थळ व शक दिलेला असला म्हणजे पुष्कळ संग्राहक निश्चिंत होतात. परंतु पुष्पिका एक सांगते आणि पाठ दुसरेंच सांगतो, हा अनुभव पोथ्या ताडून पाहणारांस नवा नाहीं. असाच एक प्रसंग पूर्व आफ्रिकेंतील गुरांच्या रक्तजंतूंच्या बाबतींत घडला आहे. विषय आमच्या नेहमींच्या क्षेत्राबाहेरचा खरा. पण साधनपरीक्षणाची रीत तीच असल्यामुळें तो येथें मांडतों.

प्रथम कागदोपत्रीं इतिहास पाहूं. १८९६ च्या सुमारास बुळकांडीनें दक्षिण आफ्रिकेंतील गुरांचा संहार केला व पुढें बोअर युद्धानें त्यांत भर घातली. ही तूट भरण्यासाठीं पूर्व किनाऱ्यावरील गुरें बैरा बंदरांतून ऱ्होडेशियांत आणलीं गेलीं, आणि १९०२ मध्यें तेथें एक नवाच ज्वर उद्भवला. त्याच्या चौकशीस १९०३ सालीं रॉबर्ट कोख आले. हेच कोख १८९७ त प्लेगच्या तपासासाठीं मुंबईस येऊन पुढें दार-एस-सलाम येथें गेले होते. तेथील गुरांच्या रक्तांत दिसलेले बारीक जंतु म्हणजे टेक्सास-ज्वराच्या जंतूचीच बाल्यावस्था, असें त्यांनीं मानलें. हें अनुमान टिकलें नाहीं. १९०४ त अर्नोल्ड टायलर यांनीं हा जंतु निराळा असल्याचें ठरविलें. आज त्यास थायलेरिया पार्वा म्हणतात. त्याचा प्रसार गोचिडींमार्फत होतो, हें लाउन्सबरी यांनीं दाखवून दिलें.

पुढें नैरोबीजवळील मुगुगा येथें १९७० नंतरच्या दशकांत या रोगावर लस सिद्ध झाली. तींत जिवंत जंतु टोंचून त्याच वेळीं औषध देतात, म्हणजे रोग सौम्य होऊन प्रतिकारशक्ति टिकते. या लशींत तीन वाण आहेत. मुगुगा व कियांबू हे केनियांतील. तिसरा टांझानियांतील सेरेंगेटीच्या रानम्हशीपासून घेऊन गुरांत उतरवितां उतरवितां ‘रूपांतरित’ झालेला, अशी त्याची पुष्पिका.

आतां पाठ पहा. २००५ सालीं मुगुगा वाणाचा संपूर्ण जनुकपाठ प्रसिद्ध झाला. चार गुणसूत्रें, सुमारें ८३ लक्ष अक्षरें. २०१५ त तिन्ही वाण ताडण्यांत आले. कियांबू व मुगुगा यांत हजारों पाठभेद निघाले. मुगुगा व सेरेंगेटी यांत मात्र कांहीं शेंकडेच. रानम्हशींतील जंतु गुरांतील जंतूंहून बरेच भिन्न व विविध असतात, हें सर्वमान्य आहे. मग रानम्हशीच्या वाणाचा पाठ केनियांतील गुराच्या वाणाशीं इतका जुळावा कसा?

तर्क दोन संभवतात. त्या रानम्हशींत मुळांतच गुरांच्या शाखेचा जंतु होता, हा एक; प्रयोगशाळेंत एका वाणाची दुसऱ्यांत भेसळ झाली, हा दुसरा. एका आदर्शावरून उतरलेल्या दोन प्रतींत जितके भेद असावे तितकेच येथें आढळतात. म्हणून दुसरा तर्क आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो. यांत कोणाच्या लबाडीची शंका घेण्याचें कारण नाहीं. बासनांत पानें सरमिसळ होतात, तसाच हा प्रकार असावा.

हा वाद केवळ पांडित्याचा नव्हे. त्रिविध म्हणविणारी लस पाठाच्या दृष्टीनें जवळजवळ द्विविधच ठरते; तिच्या व्याप्तीवर भिस्त ठेवणाऱ्या गुराख्याचें गोधन त्यांत गुंतलेलें आहे. शिवाय परका वाण देशांत शिरूं नये, या भीतीनें शेजारच्या राष्ट्रांनीं लशीविषयीं संकोच धरला. झांबियांत तर चिटोंगो व काटेटे हे स्थानिक वाण वापरले गेले. सरहद्दीचा विचार रास्तच. पण कांगो व बुरुंडी येथील गुरांवरून २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत तेच पाठ सीमेच्या दोहों बाजूंस आढळले. जंतु नकाशाची रेषा जाणत नाहीं. गुरांची वाट मात्र जाणतो.

असो. नांवनिशी विश्वसनीय खरी, परंतु ती पाठाशीं ताडून पाहिल्यावांचून प्रमाण मानूं नये, एवढाच बोध आम्ही यांतून घेतों.