तळाची खूण



साताऱ्याच्या मंगळवार पेठेंत काय किंवा सांगलीच्या गांवभागांत काय, जुन्या घराच्या फडताळांत एखादी निळ्या नक्षीची पांढरी बशी सांपडते. तिच्यावर वाकलेलें झाड असतें, पुलावरून जाणारीं तीन माणसें असतात आणि वर दोन पक्षी उडत असतात. ‘ही आमच्या पणजोबांच्या वेळची, खास चीन देशाची,’ असें घरांतील वडील माणूस अभिमानानें सांगतो. बशी उलटी केली तर तळाशीं बहुधा इंग्लंडचें नांव निघतें आणि सांगणाऱ्याचा चेहरा उतरतो. तो उतरण्याचें खरोखर कांहीं कारण आहे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

चिनी भांडें आपल्या मुलुखाला नवें नाहीं. मिरजेचा किल्ला एके काळीं ज्या आदिलशाहीच्या ताब्यांत होता, तिच्या राजधानींत, विजापुरास, गोलघुमटाच्या नगारखान्यांतील संग्रहालयांत चिनी भांडीं आजहि पाहावयास मिळतात. फिकट हिरव्या चिनी तबकांत विष वाढलें तर तबक तडकतें, अशी जुन्या दरबारांतून समजूत होती. समजूत खोटी, पण त्या भांड्यांचें मोल राजेरजवाड्यांना किती वाटे, हें तीवरून कळतें.

हें मोल त्याच्या घडणींत आहे. चीनमधील जिंगदेझेन शहराजवळच्या गावलिंग टेकडीवरून जिला केओलिन हें नांव पडलें, ती पांढरी माती आणि एका विशिष्ट दगडाची पूड यांचा लगदा सुमारें १३०० अंश उष्णतेंत भाजला म्हणजे तो कांचेसारखा एकजीव होतो. भांडें पातळ असेल तर त्यांतून उजेड दिसतो आणि टिचकी मारल्यास घंटेसारखा नाद येतो. हें रहस्य युरोपला शेंकडों वर्षें उकललें नव्हतें.

आतां, जुन्या भांड्यांची नक्कल प्रथम युरोपियनांनीं केली असें मात्र समजूं नये. कांग्शी बादशहाच्या कारकीर्दींत, म्हणजे १६६२ ते १७२२ या काळांत, खुद्द चिनी कुंभारांनीं घडविलेल्या पुष्कळ भांड्यांच्या तळाशीं त्याच्या दोनशें वर्षें आधींच्या चेंगहुआ बादशहाचें नांव आढळतें. जुन्या उस्तादांना केलेला तो मुजरा होता, असें जाणकार मानतात. परंतु त्या खुणेवरच भिस्त ठेवून दाम मोजणारा आज फसतो.

युरोपांत सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाला या भांड्यांचें वेड होतें. त्याच्या पदरचा किमयागार बॉट्गर याच्या प्रयोगांतून १७१० सालीं माइसेनचा कारखाना उभा राहिला. तेथें चिनी आणि जपानी नमुन्यांच्या हुबेहूब प्रति निघूं लागल्या व कारखान्याची खूण म्हणून तळाशीं एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी काढण्यांत येऊं लागल्या. १७२९ च्या सुमारास लमेर नांवाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्यानें जपानी भांड्यांच्या प्रति मागविल्या. त्याची अट अशी कीं, तलवारींची खूण एक तर नसावी, नाहीं तर पुसून टाकतां येईल अशी झिलईच्या वर असावी. पॅरिसमध्यें तीं भांडीं अस्सल जपानी म्हणून विकावयाचा त्याचा बेत होता आणि राजाचा मंत्री काउंट होइम त्यास सामील होता. १७३१ सालीं बिंग फुटलें, माल जप्त झाला आणि खूण झिलईच्या खालींच घालावी असा दंडक पडला. माती तीच, कारागीर तेच, नक्षी तीच. फरक एवढा तळाच्या खुणेचा. पण तेवढ्यानेंच एक प्रत विद्या ठरते आणि दुसरी लबाडी ठरते.

आपल्या निळ्या बशीची हकीकत याहून मौजेची आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी कागदावर घेऊन ती भांड्यावर उतरविण्याची युक्ति इंग्लंडांत निघाली. शतकाच्या अखेरीस तेथील कारागिरांनीं चिनी चित्रांतील झाडें, पूल व नावा एकत्र जुळवून ही नक्षी तयार केली. पळून गेलेल्या प्रेमिकांची गोष्टहि पुढें इंग्लंडांतच रचून तिला चिकटविण्यांत आली. ही नक्षी इतकी खपली कीं, परदेशीं माल पाठविणारे चिनी कुंभारच तिची नक्कल करूं लागले! तेव्हां ती बशी चीनची नसली, तरी दोन खंडांच्या देवघेवीचा अस्सल दाखला खासच आहे.

प्रतिकृतीचें खरें मोल आपल्या इकडील उदाहरणांनीं अधिक पटेल. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रति केल्या. त्याच शाळेंत जॉर्ज टेरी यांनीं चालविलेल्या कुंभारकामांत अजिंठ्याची वेलबुट्टी झिलईदार फुलदाण्यांवर उतरली. लंडनला गेलेल्या चित्रप्रतींपैकीं पुष्कळ १८८५ च्या आगींत जळाल्या. इकडे लेण्यांतील मूळ रंगहि झडत राहिले. मूळ वस्तु जेथें झिजते, तेथें प्रामाणिक प्रत ही साक्षीदार होते.

सातारकरांना तर फार दूर जावयास नको. खटाव तालुक्यांतील औंध येथें बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर उघडलेल्या संग्रहालयांत अस्सल चित्रांच्या जोडीस गाजलेल्या पाश्चात्य कलाकृतींच्या प्रतिकृतीहि आहेत. रोम-पॅरिसची वाट ज्याला परवडत नाहीं, त्याच्यासाठीं ही सोय झाली आणि तींत कोणाची फसवणूक झाली नाहीं. अस्सल चिनी व जपानी भांडीं पाहावयाचीं असतील, तर सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांचे संग्रह मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहेत.

तेव्हां घरचें जुनें भांडें मोडीच्या भावानें देण्यापूर्वीं, किंवा बाजारांतील ‘पुरातन’ भांडें हजारोंनीं घेण्यापूर्वीं, तें आधीं उलटें करावें. अमेरिकेच्या कायद्यामुळें १८९१ पासून निर्यातीच्या मालावर देशाचें नांव घालण्याची चाल पडली. ‘ऑक्युपाइड जपान’ ही खूण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या थोड्या वर्षांतील आहे. खूण घासलेली दिसली तर विकणाऱ्यास कारण विचारावें. आणि भांडें घरचेंच असेल, तर तें कोणीं, कोठून व केव्हां आणलें, हें ठाऊक असलेलीं माणसें हयात आहेत तोंच एका चिठ्ठीवर लिहून भांड्यांत ठेवावें. कारखान्यानें घातलेली खूण भांडें कोठें जन्मलें तें सांगते. तें आपल्या घरीं कसें नांदलें, तें आपणच लिहावयास हवें.