५२ किलोंची शाळा



शाळेचा इतिहास सांगायला आमच्यासारख्या सातवीत शाळा सुटलेल्या माणसाने उभे राहावे, हे थोडे विचित्रच. परंतु मंडळाने विषय विचारला तेव्हा आम्ही केनियातील निर्वासितांच्या छावण्या, तेथील मुले आणि त्यांच्या वर्गात आलेली यंत्रे हाच विषय सांगितला. या कथेत यंत्राइतकाच पगाराचाही प्रश्न आहे, आणि पगारपत्रके वाचण्यातच आमचे आयुष्य गेले आहे.

१९९१ साली सोमालियातील राजवट कोसळली नि यादवी माजली. सीमा ओलांडून आलेल्या लोकांसाठी केनियाच्या पूर्वभागात दादाब गावाभोवती छावण्या उभ्या राहिल्या. त्या आखल्या होत्या ९० हजार माणसांसाठी. २०११ च्या दुष्काळात तेथील वस्ती पाच लाखांच्या घरात गेली. दुसरी मोठी छावणी काकुमाची. ती १९९२ सालची, वायव्येस तुर्काना लोकांच्या रखरखीत मुलखात. सुदानच्या युद्धातून हजारो मुले, पुष्कळशी आईबापांवाचून, शेकडो मैल पायी चालून तेथे पोचली. छावणीच मुळी मुलांसाठी उघडली म्हणाना!

छावणी म्हणजे चार दिवसांचा मुक्काम, अशी सर्वांची समजूत. पण तेथे जन्मलेली पोरे तेथेच आईबाप झाली. शाळा झाडाखाली भरल्या, मग पत्र्याखाली. अभ्यासक्रम केनियाचा, शिकवण्याची भाषा इंग्रजी, मुलांच्या घरची भाषा निराळीच; आणि एकेका वर्गात शंभराच्या वर मुले. पुस्तक एक नि डोकी पुष्कळ.

अशा ठिकाणी २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-उच्चायुक्तांचे कार्यालय आणि व्होडाफोन फाउंडेशन यांनी मिळून दादाब येथे नव्या तऱ्हेचे वर्ग सुरू केले. 'इन्स्टंट नेटवर्क स्कूल्स' हे त्यांचे नाव. पुढे या कामासाठी एक पेटीच तयार झाली. वजन ५२ किलो, म्हणजे आमचा हमाल पाठीवर घेतो त्या पोत्याएवढे. आत २५ टॅबलेट (पाटीएवढे संगणक), एक लॅपटॉप, भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर, ध्वनिक्षेपक आणि जाळ्याला जोडणारे यंत्र. सहा-आठ तास विजेवर लावून ठेवली की पेटी दिवसभर विजेवाचून चाले. शाळेत वीज नसली तर सौर बॅटऱ्या, तारा नसल्या तर मोबाइलचे वा उपग्रहाचे जाळे. धडे आधीच आत भरलेले, त्यामुळे जाळे तुटले तरी वर्ग बंद पडू नये अशी योजना. हेच काम काकुमात, टांझानियात, काँगोत, दक्षिण सुदानात पोचले.

आता हिशेब करू. पेटीत पाट्या २५ आणि वर्गात मुले शंभर, म्हणजे चौघांत एक. एक बोट लावणार, तिघे मान लांब करून पाहणार. जो पुढे बसतो तोच शिकतो, आणि पुढे कोण बसतो हे आम्ही सांगायला नको. मुलींना आळीपाळीने पुढे बसवायचे, यंत्र कोणी उचलून नेऊ नये म्हणून रात्री कुलूप लावायचे, बॅटरीवरची धूळ पुसायची, अडलेल्या मुलास त्याच्या भाषेत दोन शब्द सांगायचे, ही कामे पेटी करीत नाही.

आमच्या युनियनच्या कचेरीस एका कंपनीने जुने दहा संगणक दिले होते. हार झाले, फोटो निघाला. पुढे दोन वर्षे ते चादरीखाली पडून होते, कारण शिकवणाऱ्याला महिना पैसे कोण देणार, हे ठरवायचेच राहिले होते. दोष कंपनीचा तितकाच आमचाही. अखेर एका हमालाची मुलगी संध्याकाळी येऊन बसू लागली, तेव्हा ते उघडले.

केनियातील योजनेचे शहाणपण असे की तिने पेटीबरोबर माणूसही धरला. चालू शाळेतच वर्ग बसवला, शिक्षकांना शिकवून त्यांतूनच देखरेख करणारे तयार केले, नि शाळा सुटल्यावर तो वर्ग वस्तीतल्या मोठ्यांनाही खुला ठेवला. काकुमातील प्राथमिक शाळा लुथरन वर्ल्ड फेडरेशनने आणि माध्यमिक शाळा विंडल या संस्थेने वर्षानुवर्षे चालवल्या. २०१६ च्या सुमारास शेजारीच कालोबेयेई वसाहत झाली, तेथे निर्वासित आणि तुर्काना यांची मुले एका बाकावर बसावीत हा हेतू होता. तोही योग्यच, तुर्कानांची गरिबी निर्वासितांहून काही कमी नव्हती. २०२० साली साथीमुळे शाळा बंद पडल्या तेव्हा काकुमातील शिक्षक स्थानिक रेडिओवरून धडे सांगू लागले. नव्या पाट्या कुलपात, आणि उपयोगी पडला जुना रेडिओ!

पण या भागीदारीच्या पत्रकात एका भागीदाराचे नाव नेहमी शेवटी येते. प्राथमिक वर्गांतले बहुतेक शिक्षक स्वतः निर्वासित. परवाना मिळत नाही म्हणून त्यांना रीतसर नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून पगार नाही. मिळतो तो 'प्रोत्साहन-भत्ता'. त्याच शाळेतील केनियन शिक्षकाच्या पगाराच्या मानाने तो फार थोडा. आमच्याकडे बदली कामगारास हीच भाषा ऐकवीत: तू कायमचा नाहीस, तेव्हा दर निराळा. माणूस वीस वर्षे एकाच फळ्यापुढे उभा, तरी तो तात्पुरताच! साहजिकच शिकूनसवरून तयार झालेला शिक्षक मिळेल तेथे निघून जातो, आणि पेटीवर दुसरा नवशिका येतो.

२०१६ साली सरकारने दादाब बंद करण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय घटनाबाह्य ठरवला. २०२१ साली निर्वासितांसाठी नवा कायदा झाला, त्यात कामाच्या हक्काची वाट थोडी रुंद झाली. मार्च २०२५ मध्ये 'शिरिका' योजना निघाली: छावण्यांची हळूहळू नेहमीची गावे करायची. त्याच वर्षी परदेशी मदतीला मोठी कात्री लागली, काकुमातील शिधा कधी नव्हता इतका खाली आला.

गाव झाले म्हणजे शाळा गावची होईल, आणि शाळा गावची झाली म्हणजे शिक्षकाचे नाव भत्त्याच्या यादीतून निघून हजेरीपटावर यावे लागेल. तो हजेरीपट पाहण्याची आम्ही वाट पाहत आहो.