इशीचे धनुष्य

शिकारीचे धनुष्य निवडताना ते बाण किती दूर फेकते एवढेच पाहून भागत नाही. शिकारी कोठे आणि कसा बसणार, हे आधी ठरवावे लागते. इंग्रज धनुर्धराचे यू लाकडाचे धनुष्य जवळजवळ पुरुषभर उंच. रणांगणावर ताठ उभे राहून ओढायला ते उत्तम. पण झुडपाआड दबा धरून बसलेल्या माणसाला त्याची अडचणच व्हायची.

कॅलिफोर्नियातील याही जमातीचे धनुष्य नेमके या बैठकीसाठी घडले होते. ते आपल्याला ठाऊक आहे ते एका माणसामुळे. १८४९ नंतर सोन्यासाठी लोटलेल्या गोऱ्यांनी याहींची कत्तल केली; वाचलेले डोंगरात लपून राहिले आणि एकेक करून संपले. शेवटचा माणूस २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल येथील खाटीकखान्यापाशी भुकेने खंगलेला सापडला. त्याची बोली कोणालाच कळेना. वॉटरमन या अभ्यासकाने जवळच्या याना बोलींतील शब्द एकामागून एक वाचले. ‘सिविनी’ म्हणजे पाइनचे लाकूड, हा शब्द उच्चारून त्यांनी खाटेच्या लाकडावर बोट ठेवले, तेव्हा तो माणूस उजळला. स्वतःचे नाव त्याने कधीच सांगितले नाही. ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत नुसता ‘माणूस’.

सॅन फ्रान्सिस्कोतील शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांनी त्याची धनुर्विद्या टिपून ठेवली. धनुष्य जुनिपरचे, अवघे ४२ इंच. माप हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत घ्यायचे. पाठीवर हरणाच्या स्नायुतंतूंचा थर. ओढ सुमारे ४५ पौंड. एवढ्या आखूड धनुष्याला उकिडवे बसूनही जागा पुरते. बाणाचे टोक ज्वालामुखीच्या काचेचे. इशीचा भर दूरच्या नेमावर नव्हता, जवळ जाण्यावर होता. म्हणून आदल्या दिवशी मासा वर्ज्य, तंबाखूचा वास नको, आणि पहाटे अंघोळ. धनुष्य उभे ठेवले तर थकते, असे तो मानी.

१९१५ साली एडवर्ड सपिर यांनी त्याच्याकडून याही भाषा उतरवून घेतली. २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने गेला. पोप यांचे शिकारी धनुर्विद्येवरील पुस्तक १९२३ साली निघाले आणि अमेरिकेत या छंदाला नवा जोम आला.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. धनुष्य संग्रहालयात टिकते. पण ते आखूड का, आडवे का ठेवायचे, हे सांगणारा माणूस आणि त्याचे शब्द वेळीच कोणी विचारले तरच टिकतात. आपल्या दुभाषी घरांत मुलांना नांगर ओळखता येतो. रुमणे कोणते, इसाड कोणते, हे मात्र आजोबांनाच विचारावे लागते. आजोबा आहेत तोवर विचारून घ्यावे. वही-पेन्सिलीपलीकडे त्याला काही लागत नाही.