हौशी रेडिओ केंद्राचे अर्थिंग : तारायंत्रापासून मुरबाडच्या कातळापर्यंत

हौशी रेडिओ केंद्रातील अर्थिंगची परंपरा तारायंत्राकडून आली. 1838 मध्ये श्टाइनहाइल यांनी जर्मनीत दाखवून दिले की परतीच्या तारेचे काम जमीन करू शकते. त्यामुळे एकाच तारेवर संदेश जाऊ लागले. 1855 मध्ये जनतेसाठी खुल्या झालेल्या भारतीय तारसेवेनेही जमिनीचा असाच उपयोग केला.

1895 मध्ये मार्कोनी यांनी प्रेषकाचे एक टोक उंचावर नेले, दुसरे जमिनीला जोडले आणि संदेशाचा पल्ला बराच वाढवला. अशा मांडणीत जमीन हा एरियलचाच एक भाग ठरतो. 1923 मध्ये मुंबईत रेडिओ क्लब निघाला आणि 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे रेडिओ प्रसारण केंद्र सुरू झाले. त्या काळातील क्रिस्टल सेट एरियलने पकडलेल्या लहरींच्या ऊर्जेवरच चालत. म्हणून त्यांना लांब एरियल आणि चांगली अर्थ लागे. शहरात त्यासाठी नळाचा लोखंडी पाइप सोयीचा होता. पुढे व्हॉल्व्हच्या रेडिओमागेही एरियल आणि अर्थ अशी दोन भोके असत.

डायपोल एरियल रूढ झाल्यावर अर्थिंगचे हे काम कमी झाले, कारण त्याचे दोन्ही अर्धे भाग तारेचेच असतात. जमिनीलगतच्या उभ्या एरियलला मात्र आजही जमिनीत पसरलेल्या तारा लागतात. सुरक्षेचे काम तर वाढलेच: व्हॉल्व्हच्या प्रेषकात शेकडो व्होल्ट खेळत, आणि उंच एरियलला आकाशातील विजेचा धोका असतो. 1966 मध्ये अर्थिंगसाठी आयएस 3043 हे भारतीय मानक आले. 1987 आणि 2018 मध्ये ते सुधारले गेले. त्यात जमिनीत पुरायची तांब्याची प्लेट किमान 60 सेंमी × 60 सेंमी आणि 3.15 मिमी जाडीची सांगितली आहे.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड-शहापूर भागातील धसईसारख्या गावात खरी अडचण जमिनीची आहे. वर मुरूम, खाली बेसॉल्टचा कातळ. पावसाळ्यात ओल असते, पण उन्हाळ्यात जमीन सुकते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. विजा मात्र वळवाच्या पावसातही कडाडतात. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरून पाणी घालण्याची जुनी रीत आहे. मिठाने खड्ड्यातला अर्थिंगचा पाइप गंजतो, त्यामुळे अलीकडे बेंटोनाइट माती वापरतात.

घराची, एरियलची आणि रेडिओची अर्थ वेगवेगळी ठेवणे धोक्याचे आहे. वीज पडल्यास त्यांच्यातील व्होल्टेजचा फरक यंत्रातून वाट काढतो. तिन्ही जाड तांब्याच्या पट्टीने एकत्र जोडाव्यात, आणि ढग गडगडण्यापूर्वीच एरियलची केबल काढून ठेवावी.